गुन्हा कबूल आहे काय?

मोटारीच्या वेगाबद्दल झालेला दोन हजार रुपयांचा दंड हा मासिकाच्या पानांवर विचार करण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. आम्हांसही ती आली होती. आजवर ज्या विषयांवर आम्ही वाचले, शिकविले आणि प्रसंगी लिहिले, ते सारे ह्याहून थोर होते. परंतु नीतिशास्त्राचे थोर प्रश्न पुस्तकात भेटतात आणि पुस्तक मिटले की वाट मोकळी करून देतात. लहान प्रश्न मात्र दारात येऊन उभा राहतो व उत्तर घेतल्यावाचून हलत नाही. अशाच एका लहान प्रश्नाने २०२३ साली आम्हांस चार महिने बेचैन केले. त्याची हकीकत व तिच्या अनुषंगाने सुचलेले विचार येथे मांडावयाचे आहेत.

देवणी हे आमचे मूळ गाव. लातूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ वसलेले हे गाव बाहेरच्या लोकांस ठाऊक आहे ते बहुधा देवणी जातीच्या गाईबैलांमुळे. नोकरीनिमित्त आमचे बिऱ्हाड जिल्ह्याच्या ठिकाणी असले, तरी वडील देवणीसच राहतात, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांस भेटून सोमवारी सकाळी परत फिरावयाचे, हा आमचा पंधरा वर्षांचा क्रम आहे. अशाच एका सोमवारी निघण्यास उशीर झाला. महाविद्यालयात पहिला तास आमचाच होता. वाटेत लक्षात राहावे असे काही घडले नाही. नवव्या दिवशी मात्र आमच्या फोनवर सूचना आली की, अमुक दिनांकास, अमुक ठिकाणी, जेथे ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहे तेथे, आपली मोटार ताशी ६८ किलोमीटर वेगाने जात असल्याचे आढळले; सबब दोन हजार रुपये भरावेत. सोबत मोटारीचे छायाचित्र होते.

घरात त्यावर जी चर्चा झाली तीत पुढील साऱ्या प्रश्नांचे बीज होते. चिरंजीव म्हणाले, "बाबा, भरून टाका ना. दोन हजारांसाठी कोण कोर्टाच्या पायऱ्या चढणार?" सौभाग्यवती म्हणाल्या, "ते राहू द्या. तुम्ही वेगात होतात का, ते आधी सांगा." आम्ही उत्तर देण्यास तोंड उघडले, आणि उत्तर आपणांस ठाऊकच नाही हे तेव्हा ध्यानी आले. आम्ही वेगात नव्हतो असे आम्हांस वाटत होते; पण ते वाटणे म्हणजे आठवण नव्हती. स्वतःविषयी बरे मत बाळगण्याची जी सवय मनुष्यास असते, तिचाच तो एक प्रकार होता.

चिरंजीवांचा मार्ग प्रथम घेऊ, कारण शंभरांतील नव्वद सुशिक्षित तोच घेतात. कायद्याने तो सोपाही करून ठेवला आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या २०० व्या कलमान्वये पुष्कळशा लहान अपराधांत ठरावीक रक्कम भरून तडजोड करता येते, आणि प्रकरण तेथेच मिटते. आमच्याकडे ह्यास 'पावती फाडणे' म्हणतात. एके काळी अतिवेगाच्या पहिल्या अपराधास चारशे रुपयांपर्यंतच दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो हलक्या मोटारीस एक हजार ते दोन हजार रुपये झाला, आणि २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात वाढीव दर लागू झाले. मासिक वेतन घेणाऱ्या प्राध्यापकास दोन हजार ही रक्कम खुपते, पण मोडीत नाही. एवढ्या पैशांत चार महिन्यांचा त्रास वाचत असेल तर तो सौदा वाईट कोण म्हणेल?

तथापि ह्या सौद्यात आपण विकतो काय, हे पाहिले पाहिजे. जो पैसे भरतो तो 'मी हे केले' असे म्हणतो. त्याच्या मनात तसे नसेल. कंटाळा आला म्हणून भरले, असे तो चारचौघांत सांगतही असेल. पण दप्तरी नोंद होते ती अपराधाची. ज्यास स्वतःचा अपराध ठाऊक आहे त्याने पैसे भरावेत, ह्यात शंकाच नाही. तेथे भांडणे हा निव्वळ लबाडपणा होय. ज्यास आपण निरपराध आहो अशी खात्री आहे त्याने शांततेसाठी पैसे भरले, तर तो एक लहानसे असत्य विकत घेतो. आणि ज्यास काहीच ठाऊक नाही, त्याचे काय? तो आपली बुद्धी यंत्राच्या स्वाधीन करतो. यंत्र बहुधा खरे बोलत असेल. पण सर्वांनीच न विचारता पैसे भरावयाचे ठरविले, तर ते खरे बोलते की नाही हे पाहण्याचे कोणास कधी कारणच उरणार नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी वकिली करतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने चहा मागवला आणि आम्ही त्याच्या वर्गात बसलो आहो असे समजून कायदा शिकविला. त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी तीन येथे देण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, अतिवेगाच्या बाबतीत कायद्याने मनुष्याच्या डोळ्यावर भरवसा ठेवलेला नाही. 'ही गाडी फार वेगात होती असे मला वाटले' एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कोणास दोषी ठरविता येत नाही. ते मत एखाद्या यांत्रिक अथवा विद्युत् साधनाच्या मापावर आधारलेले असावे लागते. हे १८३ व्या कलमातच लिहिले आहे. दुसरी अशी की, त्या साधनासही जामीन लागतो. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे अशा यंत्रास मान्यतेचे प्रमाणपत्र असले पाहिजे, आणि येथे यंत्राची नजर आहे हे सांगणारी पाटी रस्त्यावर ठळकपणे लावली पाहिजे. तिसरी अशी की, एखाद्या ठिकाणापुरती वेगळी वेगमर्यादा घातली, तर तिची पाटी योग्य जागी उभी करणे हेही कायद्याने सांगितलेले काम आहे.

यंत्राच्या साक्षीविषयी बोलताना त्याने एक मराठवाड्याचाच खटला सांगितला. २०१४ साली जालना विधानसभा मतदारसंघात अर्जुनराव खोतकर निवडून आले. त्यांची उमेदवारीची कागदपत्रे मुदतीनंतर दाखल झाली, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता, आणि मुख्य पुरावा होता कचेरीतील कॅमेऱ्याचे चित्रण. औरंगाबाद खंडपीठातून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०२० च्या जुलै महिन्यात न्यायालयाने निर्णय दिला की, मूळ साधनच न्यायालयापुढे आणले असेल तर गोष्ट निराळी. एरवी विद्युत् नोंदीची प्रत पुराव्यात घ्यावयाची तर ती कोणत्या साधनातून, कोणाच्या ताब्यातून, कशी निघाली ह्याचे लेखी प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. ज्या नियमावर देशभरच्या दंडाच्या छायाचित्रांचा खरेखोटेपणा तोलला जावयाचा, तो नियम आमच्या मराठवाड्यातल्या जालन्याच्या वादातून पक्का झाला, हे ऐकून आम्हांस नाही म्हटले तरी बरे वाटले.

"सर, आधी जाऊन पाटी पाहून या," विद्यार्थी म्हणाला. "पाटी नसेल तर प्रकरण संपलंच."

पुढच्या रविवारी आम्ही ती जागा शोधून काढली. पाटी होती. वर्तुळात ५० हा आकडा होता, आणि त्याच खांबावर कॅमेऱ्याची सूचनाही होती. परंतु दोहोंच्या पुढे कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भला मोठा फलक बांबूंवर उभा केलेला होता, आणि देवणीकडून येणाऱ्यास त्या फलकामागचे काही दिसणे शक्य नव्हते. फलकावरची वाढदिवसाची तारीख आमच्या अपराधाच्या चार दिवस आधीची होती. आम्ही फोनने छायाचित्रे घेतली. मनात एक प्रकारचा हर्ष झाला, तो लपविण्यात अर्थ नाही.

छायाचित्र घेण्यासाठी दोन पावले मागे सरलो, तेव्हा पाठीमागे एक फाटक लागले. ते जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे होते. पत्र्याच्या कमानीवर गावाचे नाव होते, आवारात लिंबाचे झाड, भिंतीवर बाराखडी आणि भारताचा नकाशा. शाळा नवी नव्हती. तिच्या भिंतींचा रंग दोनतीन वेळा उडून गेलेला दिसत होता. पंधरा वर्षे त्या रस्त्याने दर आठवड्यास जाणाऱ्या आम्हांस तेथे शाळा आहे हे ठाऊक नव्हते. सोमवारी सकाळी, ज्या वेळी आमची मोटार तेथून गेली, त्याच वेळी मुले रस्ता ओलांडून त्या फाटकात शिरत असणार. २०२२ ह्या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतील शंभरी सत्तरांहून अधिक मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता, असे सरकारी अहवाल सांगतो. हा आकडा आम्ही वर्गात उदाहरणादाखल वापरलेला आहे. तो आमच्याविषयी असू शकेल असे कधी वाटले नव्हते.

मग सौभाग्यवतींचा प्रश्न नव्याने उभा राहिला. पाटी झाकलेली होती, हे खरे. पण पाटी दिसत असती तरी त्या सकाळी आम्ही ती वाचली असती काय? ह्याचे उत्तर आम्हांस ठाऊक होते, आणि ते आमच्या बाजूचे नव्हते.

विद्यार्थ्यास सारे सांगितले. तो खूष झाला. "सर, हे सुटलंच समजा. वकीलपत्र माझ्याकडे द्या, फी घेणार नाही. फक्त एक करा, कोर्टात तोंड उघडू नका. दिसेल अशी पाटी नव्हती, एवढंच मी म्हणेन. वेग विचारला तर सिद्ध करण्याचं काम त्यांचं आहे." त्याच्या सल्ल्यात कायद्याच्या दृष्टीने तिळमात्र चूक नव्हती. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे आपल्या संविधानाच्या २० व्या अनुच्छेदात सांगितले आहे, आणि ते ज्यांनी लिहिले त्यांस पोलिसचौकीतल्या कबुलीजबाबांचा इतिहास चांगला ठाऊक होता. मौनाचा हा हक्क दुबळ्याची ढाल आहे. पण आमच्यावर लाठी कोण उगारीत होता? बोललो तर जावयाचे ते दोन हजार रुपये आणि थोडीशी अब्रू. ज्यास बोलण्यापासून भय आहे त्याने मौन धरणे निराळे, आणि ज्यास केवळ गैरसोय आहे त्याने धरणे निराळे.

आणि 'दिसेल अशी पाटी नव्हती' हे वाक्य? त्यात एकही अक्षर खोटे नव्हते. महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. अश्वत्थाम्याविषयी धर्मराज जे बोलला त्यातही एकही अक्षर खोटे नव्हते; तरी जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे व्यासांनी सांगितले आहे. अर्धे सांगून थांबणे ही एक कृती आहे, आणि तिचे फळ खोटे बोलण्याच्या फळाहून फारसे निराळे नसते.

म्हणून आम्ही वकील न देता स्वतः उभे राहण्याचे ठरविले. हा निर्णय वकिलांच्या अविश्वासातून झालेला नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. वकील पक्षकाराच्या वतीने जे म्हणता येण्याजोगे आहे ते म्हणतो. ते सत्य आहे अशी हमी तो देत नाही, आणि त्याने ती द्यावी अशी अपेक्षाही नाही. न्यायाची व्यवस्था चालावयाची तर असा मनुष्य हवाच. परंतु त्याच्या मुखातून बोलल्याने पक्षकारास एक सोय मिळते: आपल्या बचावावर आपला स्वतःचा विश्वास आहे काय, हा प्रश्न त्यास कोणी विचारीत नाही, आणि काही दिवसांनी तोही स्वतःस विचारीनासा होतो. जो स्वतः उभा राहतो त्यास ही सोय नाही. त्याचा प्रत्येक युक्तिवाद ही त्याची साक्षच होऊन बसते.

प्राचीन अथेन्समध्ये तर पक्षकाराने स्वतःच बोलावयाचे असे. तरी माणसांनी पळवाट काढलीच. दुसऱ्यांसाठी भाषणे लिहून देण्याचा धंदा तेथे जोरात चालला, आणि लिसियस हा त्यातला मोठा कारागीर. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसावर खटला झाला तेव्हा लिसियसने त्याच्यासाठी एक उत्तम भाषण लिहून आणले, आणि सॉक्रेटिसाने ते वाचून वाखाणले, पण आपल्यास शोभणार नाही म्हणून परत केले, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे लोकमान्य टिळकांचे उदाहरण आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांच्या वतीने बॅरिस्टर बोलले. १९०८ च्या खटल्यात, स्वतः कायद्याचे पदवीधर असलेले टिळक, मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे एकवीस तासांहून अधिक काळ स्वतः बोलले. निकाल दोन्ही खेपांस विरुद्धच गेला. पण दुसऱ्या खेपेस ते जे बोलले त्याची जबाबदारी कोणा बॅरिस्टरावर टाकण्याची सोय त्यांनी स्वतःस ठेवली नाही. एवढ्या मोठ्या माणसांची नावे दोन हजारांच्या दंडाशेजारी घेणे हास्यास्पद आहे, हे आम्ही जाणतो. परंतु लहान माणसाने आपल्या लहान प्रसंगी त्यांच्याकडे पाहावयाचे नाही, तर त्यांची चरित्रे शाळेत शिकवावयाची कशाला?

ह्या विचारास एक मर्यादा आहे, आणि ती सांगितली नाही तर वाचकाची फसगत होईल. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात १९६१ साली क्लॅरेन्स गिडियन नावाच्या एका गरीब माणसावर घरफोडीचा आरोप आला. वकील देण्यास पैसे नव्हते, न्यायालयाने वकील दिला नाही. तो स्वतः उभा राहिला, जमेल तसा बोलला, आणि पाच वर्षांच्या शिक्षेवर गेला. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली, अशा आरोपीस वकील देणे राज्यावर बंधनकारक आहे असा निर्णय दिला. पुन्हा खटला चालला, ह्या वेळी वकील होता, आणि गिडियन निर्दोष सुटला. माणूस तोच आणि आरोपही तोच होता. आपल्याकडेही संविधानाच्या ३९-अ अनुच्छेदाने व १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकिलाची तरतूद केलेली आहे. तेव्हा जेथे स्वातंत्र्य वा भाकरी जावयाची आहे तेथे 'मी स्वतःच बोलेन' हा अभिमान घातक होय. वकिलावाचून उभे राहणे हे आमच्यासारख्यासच परवडते. कारण हरल्याने आमचे फारसे काही जाणार नव्हते.

भाषेचीही गोष्ट आहे. आमच्या आजोबांचा एक जमिनीचा दावा निजामी अमलात चालला. त्या वेळी हैदराबाद संस्थानाच्या अदालतींची भाषा उर्दू. आजोबांस मराठी आणि थोडी कानडी येई. अर्जनवीस लिही, वकीलसाहेब बोलत, आणि आजोबा दाखविलेल्या जागी अंगठा करीत. दावा जिंकल्याचे त्यांस निकालानंतर दोन दिवसांनी समजले, असे ते हसत सांगत. आपल्या वतीने काय म्हटले गेले हे मात्र त्यांस जन्मभर कळले नाही. १९४८ च्या सप्टेंबरात तो अमल संपला; आज तालुक्याच्या न्यायालयात मराठी चालते. नातवास स्वतःच्या भाषेत स्वतःविषयी बोलता येते, ही गोष्ट आयती मिळाल्यामुळे आम्ही तिची किंमत विसरलो आहो.

असो. आम्ही ऑनलाइन तक्रार केली. ती एका ओळीत फेटाळली गेली. पैसे भरले नाहीत, तेव्हा यथाकाल समन्स आले. कायद्याच्या २०८ व्या कलमाप्रमाणे अशा समन्सावर दोन वाटा असतात: वकिलामार्फत वा स्वतः हजर राहावे, किंवा अपराध कबूल करून रक्कम पाठवून द्यावी. आम्ही पेशीच्या दिवशी हजर झालो.

व्हरांड्यात एक तरुण भेटला. देवणीजवळच्याच एका खेड्याचा. स्वतःच्या मालवाहू गाडीतून सोयाबीन आणि तूर बाजारात नेण्याचा त्याचा धंदा. त्याच्या हातात तीन दंडांची कागदे होती, त्यांतील एक त्याच शाळेजवळचा, आणि आमच्या आधल्याच दिवसाचा. आम्ही उत्साहाने त्यास फलकाची हकीकत सांगितली व म्हणालो, "तूही नाकबूल कर." तो हसला. "सर, तुमचं बरं हाय. माजा एक दिस गेला की हजार-बाराशाचं भाडं जातंय. अशा चार तारखा पडल्या तर काय खावं? खरं-खोटं करायला आमाला परवडत न्हाई." आणि तो पैसे भरून निघून गेला. आम्ही रजेचा अर्ज देऊन आलो होतो. आमचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार नव्हता.

न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. वयाने आमच्या विद्यार्थिनी शोभाव्यात. त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, "गुन्हा कबूल आहे काय?" हा प्रश्न नीट समजून घेण्याजोगा आहे. 'तू हे केलेस काय?' असे न्यायालय विचारीत नाही. 'कबूल नाही' ह्या उत्तराचा अर्थ 'मी केले नाही' असा होत नाही. 'सरकारने सिद्ध करावे' एवढाच होतो. म्हणून ज्यास आपला दोष अंधुकपणे जाणवतो तोही प्रामाणिकपणे 'कबूल नाही' म्हणू शकतो. फक्त पुढे त्याने खोटे बोलू नये. आम्ही कबूल नाही म्हणालो.

दुसऱ्या तारखेस यंत्राचे प्रमाणपत्र आले. ते चालू मुदतीचे होते, सर्व रकाने भरलेले होते. यंत्राविषयीचा संशय तेथेच मिटला, आणि तो मिटल्याचे आम्हांस समाधान वाटले. आम्ही मागितले होते ते मिळाले होते. मग आम्ही आमची छायाचित्रे पुढे केली, आणि जालन्याच्या खटल्याचा नियम आमच्यावरच उलटू नये म्हणून स्वतःच्या फोनविषयीचे लेखी प्रमाणपत्रही जोडले. सरकारी वकिलांनी योग्य आक्षेप घेतला की ही छायाचित्रे नंतरची आहेत, त्या सोमवारी फलक होता कशावरून? न्यायाधीशांनी साक्षीस आलेल्या पोलिस शिपायास विचारले. तो क्षणभर थांबला. 'आठवत नाही' असे म्हणून सुटणे त्यास अगदी सोपे होते. तो म्हणाला, "होता, मॅडम. आम्ही काढायला सांगितलं होतं." ह्या साऱ्या प्रकरणात सर्वांत कठीण सत्य कोणी सांगितले असेल तर त्या शिपायाने, असे आम्ही आजही मानतो.

आमची पाळी आली तेव्हा आम्ही म्हणालो, "वेग किती होता हे आम्हांस आठवत नाही. यंत्राचा आकडा खोटा म्हणण्यास आमच्यापाशी आधार नाही. पाटी फलकाने झाकलेली होती. परंतु त्या दिवशी आम्ही पाटी पाहतच नव्हतो, हेही खरे आहे." मागच्या बाकावर आमच्या विद्यार्थ्याने कपाळास हात लावला.

तिसऱ्या तारखेस निकाल झाला. त्या ठिकाणची वेगमर्यादा वाहन चालविणाऱ्यास दिसेल अशा रीतीने दर्शविलेली होती हे सिद्ध होत नाही, सबब निर्दोष मुक्तता. आम्ही नमस्कार करून निघालो, तोच न्यायाधीशबाईंनी कागदावरून मान वर केली आणि सहज विचारावे तसे विचारले, "सर, पाटी दिसत नव्हती. शाळा तर दिसत होती ना?"

हा प्रश्न दप्तरात नाही. त्याचे उत्तर देण्याचे आम्हांवर बंधन नव्हते, आणि आम्हांस ते देताही आले नाही.

ह्या अनुभवातून आमचे जे मत बनले ते असे. आपणांस ठाऊक नसलेल्या गोष्टीची कबुली सोयीखातर देऊ नये; राज्याने सिद्ध करून दाखवावे असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. देशाच्या खालच्या न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबलेली असता आणखी एकाची भर घालावी काय, हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच खोट्या बचावाने न्यायालयाचा एक तासही घेणे पाप आहे. परंतु ज्यास एक दिवस मोडणे परवडते त्याने तो मोडला नाही, तर ज्यास परवडत नाही त्याच्या वतीने विचारणारा कोणीच राहत नाही. हे काम स्वतःच्या तोंडाने करावयाचे तर स्वतःविरुद्ध असलेला भागही सांगावा लागतो. तो वगळला तर आपण केवळ दोन हजार रुपये वाचविले, एवढेच त्यातून निघते. कायद्याने आम्हांस निर्दोष म्हटले ते बरोबर आहे, कारण त्याच्यापुढे पाटीचा प्रश्न होता. आमच्यापुढे शाळेचा आहे, आणि त्यात सुटका झाली असे आम्हांस वाटत नाही.

पुढे काही दिवसांनी फलक निघाला. तो निकालामुळे निघाला की वाढदिवस शिळा झाल्यामुळे, कोण जाणे. आता त्या फाटकापुढून जाताना आमची मोटार आपोआप हळू होते. ती मुलांसाठी होते की यंत्रासाठी, ह्याचाही निर्णय आम्ही अद्याप केलेला नाही.

एका बाजाराच्या दिवशी देवणीत तो गाडीवाला तरुण पुन्हा भेटला. आम्ही त्यास निकाल सांगितला: पाटी दिसत नव्हती असे न्यायालयाने म्हटले, आम्ही सुटलो. तो आनंदला, आमच्यासाठी त्याने चहाही सांगितला. मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "पाटी तीच, जागा तीच. मग सर, माजे दोन हजार?"

कबुली दिली की पुरावा तपासला जात नाही, आणि भरलेले परत मिळत नाही, हे आम्ही त्यास समजावून सांगितले. त्यास ते समजले. चहाचे पैसे आम्ही देऊ लागलो. पण त्याने ते देऊ दिले नाहीत.